स्वागत समारंभाचे वेळापत्रक: पहिलेच कार्य करणाऱ्यांसाठी

लग्नाचा मुहूर्त गुरुजी काढून देतात आणि एकदा तो ठरला की पुण्याहवाचनापासून सप्तपदीपर्यंतचे सारे विधी त्याच्या मागेपुढे बसत जातात. संध्याकाळच्या स्वागत समारंभाला असा कोणताही आधार नसतो. पत्रिकेवर 'सायंकाळी ७ पासून' एवढी एक ओळ छापलेली असते. तिच्यापलीकडे काय, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून घडायचे, हे बहुतेक घरांत त्या दिवसापर्यंत कोणी ठरवलेले नसते. याचा त्रास सर्वांत आधी होतो तो आपल्यासाठी वेळात वेळ काढून आलेल्या माणसांना. गुडघेदुखी सहन करीत व्यासपीठाच्या रांगेत तासभर उभ्या राहणाऱ्या आजी, परगावची शेवटची गाडी गाठायची असल्याने न जेवता निघणारे स्नेही आणि रात्री अकरा वाजता गार झालेल्या ताटावर बसणारे नवरा-नवरी, या तिघांचीही गैरसोय थोड्या आखणीने टाळता येते. ज्यांच्या घरातले हे पहिलेच कार्य आहे, त्यांच्यासाठी ही आखणी टप्प्याटप्प्याने मांडली आहे. उदाहरणादाखल पुणे किंवा ठाण्यासारख्या शहरातील मंगल कार्यालय, सुमारे ५०० पाहुणे आणि संध्याकाळी ७ ते १० ही वेळ धरली आहे.

पहिली पायरी: शेवटची वेळ आधी ठरवावी

वेळापत्रक सुरुवातीपासून लिहायला घेतले की प्रत्येक गोष्ट थोडी थोडी पुढे ढकलली जाते आणि सगळा उशीर शेवटच्या तासात येऊन साठतो. म्हणून कार्यालय रिकामे करून देण्याची वेळ आधी लिहावी आणि तेथून मागे मागे यावे. कार्यालय ठरवतानाच व्यवस्थापकांना काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात आणि पावतीवर लिहून घ्याव्यात: संध्याकाळच्या सत्रासाठी सभागृह प्रत्यक्ष ताब्यात केव्हा मिळते, सजावटकाराला व्यासपीठावर केव्हा काम सुरू करता येते, रात्री किती वाजता जागा सोडावी लागते आणि उशीर झाल्यास तासाला किती जादा आकार पडतो. सकाळच्या सत्रात दुसऱ्या कोणाचे लग्न असेल, तर त्यांची पंगत उठून सभागृह झाडून होईपर्यंत दुपारचे चार-साडेचार वाजू शकतात, आणि फुलांच्या मोठ्या सजावटीला तेवढ्यात वेळ पुरत नाही. अशा वेळी तयार चौकटींवर बाहेर बांधून आणता येईल अशी साधी सजावट निवडणे शहाणपणाचे ठरते.

समारंभ मोकळ्या लॉनवर असेल, तर आणखी एक मर्यादा कायद्याने घातलेली आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात निर्बंध आणखी कडक असतात. बंद सभागृहाला आतल्या आत ऐकू जाईल इतपत आवाजाची सवलत आहे, परंतु लॉनवर ती लागू होत नाही. त्यामुळे वाद्यवृंद, गाणी किंवा नाच ठेवायचे असतील, तर ते पावणेदहापर्यंत संपतील अशाच बेताने बसवावेत. शेजारच्या इमारतीत कोणाचे आजारपण असेल, कोणाची परीक्षा असेल; विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात, याची जाणीव यजमानांनी स्वतःहून ठेवावी.

आपल्या उदाहरणात रात्री ११ वाजता कार्यालय सोडायचे आहे असे समजू. आवराआवरीला पाऊण तास धरला, तर सव्वादहाला घरच्यांचे जेवण आटोपत आलेले असले पाहिजे. म्हणजे व्यासपीठावरील भेटी साडेनऊच्या सुमारास संपायला हव्यात. आता त्या भेटींना खरोखर किती वेळ लागतो हे मोजावे लागते, आणि माझ्या मते संपूर्ण वेळापत्रकाचा प्राण याच मोजणीत आहे.

दुसरी पायरी: रांगेचा हिशेब

पाहुणे व्यासपीठावर एकेकटे येत नाहीत, कुटुंबाने येतात. सरासरी तिघांचे एक कुटुंब धरले, तर ५०० पाहुण्यांची सुमारे १६५ कुटुंबे होतात. पायऱ्या चढणे, नमस्कार आणि ओळख, आहेर किंवा पाकीट हाती देणे, छायाचित्रासाठी उभे राहणे आणि दुसऱ्या बाजूने उतरणे, हे सारे फार घाई न करता ४५ सेकंदांत होऊ शकते. १६५ कुटुंबांना ४५ सेकंदांप्रमाणे दोन तास आणि वर चार मिनिटे लागतात. हीच भेट एक मिनिटाची झाली, तर पावणेतीन तास लागतात. पाहुणे ८०० असतील आणि भेट ४५ सेकंदांचीच राहिली, तरी तीन तास वीस मिनिटे हवीत, म्हणजे ७ ते १० या वेळेत त्या सर्वांना व्यासपीठावर भेटणे मुळातच शक्य नाही. छायाचित्रकाराला किंवा पाहुण्यांना घाई करून ही तूट भरून निघत नाही, आणि दुरून आलेल्या माणसाला हात जोडताच पुढे सरकवणे हे स्वागत म्हणता येणार नाही.

हिशेब बसत नसेल, तर मार्ग आधीच शोधावेत. कार्यालयातील सहकारी, वडिलांचे बँकेतले मित्र, सोसायटीतील शेजारी अशा गटांनी एकत्र वर यावे असे त्या त्या गटातील एकाला आधी सांगून ठेवले, तर दहा-बारा भेटी एका छायाचित्रात होतात आणि त्या गटालाही ते आवडते. 'आपली उपस्थिती हाच आहेर' अशी ओळ पत्रिकेत छापली, तर पाकीट देण्याघेण्यात जाणारा वेळ वाचतो. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्यासाठी पहिल्या ओळीत खुर्च्या राखून नवरा-नवरीने खाली उतरून त्यांच्या पाया पडावे. हे दर अर्ध्या तासाने न करता ठरलेल्या एकाच वेळी करावे, म्हणजे रांग वारंवार तुटत नाही. पाहुणे फारच जास्त असतील, तर मुलाकडचा आणि मुलीकडचा असे दोन वेगळे समारंभ करण्याची आपल्याकडची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे.

रांगेत लोक उभे असताना मधेच केक, भाषणे किंवा नाच सुरू करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्या वीस मिनिटांत रांगेतील चाळीस-पन्नास माणसे जागच्या जागी खिळून राहतात आणि तेवढ्यात नवे पाहुणे येऊन रांग दाराबाहेर जाते. असे कार्यक्रम एकतर अगदी सुरुवातीला, ७ ते ७.२० या वेळेत घ्यावेत आणि ज्यांनी ते पाहावेत अशी आपली इच्छा आहे, त्या जवळच्या नातलगांना आणि मित्रमैत्रिणींना पावणेसातला यायला सांगावे. अन्यथा ते रांग संपल्यावर, साडेनऊनंतर ठेवावेत. उखाणे, छोटी मनोगते, मित्रांनी बसवलेला नाच हे सारे त्या शेवटच्या वेळेत अधिक रंगते, कारण तेव्हा मागे राहिलेली माणसे आपलीच असतात.

तिसरी पायरी: कुटुंबाची छायाचित्रे पाहुण्यांआधी

आजी-आजोबा, दोन्हीकडचे आई-वडील, मामा-मावशी, काका-आत्या, चुलत-मावस भावंडे, करवल्या ही छायाचित्रे समारंभ सुरू झाल्यावर काढायला घेतली की अर्धा तास सहज जातो. ती सव्वासहा ते सात या वेळेत पूर्ण करावीत. छायाचित्रकाराला माणसे ओळखता येत नाहीत. म्हणून दोन्ही घरांतील एकेक जाणती व्यक्ती, शक्यतो सर्वांना नावाने हाक मारू शकणारी आत्या किंवा मामी, हातात यादी घेऊन त्याच्याजवळ उभी असावी. नवरा-नवरीची बागेतील छायाचित्रे हवी असतील, तर सूर्यास्ताची वेळ पाहावी लागते. पुण्या-मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर मे अखेरीस सातनंतर. म्हणजे हिवाळ्यातील लग्नात नवरीची तयारी पाचपर्यंत पूर्ण हवी, आणि केशरचना, साडी व रंगभूषा यांना दीड ते दोन तास लागत असल्यामुळे तयारीला तीन वाजता बसावे लागते.

त्याच दिवशी सकाळी लग्न असेल, तर हे गणित फार ताणले जाते. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, त्यानंतर पंगती, विहिणींची पंगत, लाजाहोम आणि सप्तपदी मुहूर्तानंतर असतील तर तेही, असे करता करता तीन-साडेतीन वाजतात, आणि पहाटेपासून जागी असलेली नवरी तासभरही आडवी न होता पुन्हा तयारीला बसते. शक्य असेल तर मुहूर्त सकाळचा घ्यावा किंवा समारंभ दुसऱ्या दिवशी ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाकडे सत्यनारायणाची पूजा असण्याचा संभव असतो. ती लवकर सुरू करून दुपारच्या जेवणानंतर दोघांना किमान दोन तास विश्रांती मिळेल असे पाहावे.

गोरज मुहूर्ताच्या लग्नात सारे निराळे होते. सूर्यास्ताच्या सुमारास मंगलाष्टका होतात आणि त्याच पाहुण्यांसाठी लगेच समारंभ असतो, त्यामुळे नवरा-नवरी कपडे बदलून परत येईपर्यंत पाऊण ते सव्वा तास व्यासपीठ रिकामे राहते. या वेळात पाहुण्यांनी वाट पाहत बसावे अशी अपेक्षा न ठेवता जेवण तात्काळ सुरू करावे आणि तसे ध्वनिक्षेपकावरून मोकळेपणाने सांगावे. व्यासपीठावर कोणी येण्याआधी ताट हाती घेणे बऱ्याच लोकांना संकोचाचे वाटते. यजमानांनी स्वतः चार ज्येष्ठांना हात धरून जेवणाकडे नेले की बाकीचे निःसंकोचपणे निघतात.

चौथी पायरी: जेवणाची वेळ

जेवणाची वेळ व्यासपीठाशी बांधू नये. साडेसातला जेवण सुरू म्हणजे साडेसातला सुरू, मग नवरा-नवरी कोठेही असोत. बुफेच्या एका रांगेतून मिनिटाला चार माणसे पुढे सरकतात असे धरावे. दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल अशी दोन टेबले मांडली, तर चार रांगा होतात आणि मिनिटाला सोळा ताटे भरतात. ५०० माणसांना हे पुरेसे आहे, परंतु सव्वाआठ ते सव्वानऊ या तासात बहुतेक सगळेच एकदम येतात आणि खोळंबा नेमका गरम पोळ्या, पुऱ्या किंवा डोसे करून देणाऱ्या ठिकाणी होतो. केटररला पदार्थांची संख्या वाढवण्यापेक्षा त्या ठिकाणी दुसरा तवा आणि दुसरा आचारी द्यायला सांगावे. ज्येष्ठांसाठी आणि लहान मुले असलेल्या बायकांसाठी टेबल-खुर्च्यांची वेगळी सोय करून तेथे वाढपी ठेवावेत.

पंगत असेल, तर प्रत्येक पंगतीला वाढणे, जेवण आणि पुन्हा मांडणी धरून सुमारे एक तास लागतो. १५० पानांची पंगत असेल, तर ५०० माणसांना चार पंगती आणि चार तास हवेत; ७ ते १० मध्ये हे बसत नाही. रात्रीच्या समारंभाला मोठी पंगत धरण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

पंचांग आणि पाहुण्यांच्या चालीरीती या दोन्हींचा जेवणाच्या वेळेशी संबंध येतो. जैन पाहुण्यांपैकी अनेकजण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. तसे निमंत्रित असतील, तर कांदा-लसूण आणि कंदमुळे नसलेले जेवण सूर्यास्तापूर्वी तयार ठेवावे आणि त्यांना ती वेळ फोनवर कळवावी. समारंभ संकष्टी चतुर्थीला येत असेल, तर उपवास करणारे चंद्रोदयानंतरच जेवतात, आणि तो बहुधा रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो. त्यांच्यासाठी एखादा उपवासाचा पदार्थ आधी आणि पूर्ण जेवण उशिरापर्यंत शिल्लक असावे. एकादशी आणि मार्गशीर्षातील गुरुवार हेही तारीख ठरवताना पाहून घ्यावेत.

परगावाहून बसने आलेल्या वऱ्हाडाला परतीचा प्रवास असतो. त्यांची भेट आणि जेवण सर्वांत आधी व्हावे. बसच्या चालकाला आणि मदतनिसाला जेवायला बोलावण्याचे काम एकाच्या नावावर लिहून ठेवावे, कारण ते सर्वांच्या डोक्यात असते आणि नेमके कोणीच करीत नाही.

नवरा-नवरीचे जेवण वेळापत्रकात घड्याळाच्या वेळेसह लिहावे. साडेआठला दहा मिनिटांची विश्रांती जाहीर करून दोघांना आतल्या खोलीत पाणी, सरबत आणि दोन घास खायला द्यावेत, आणि त्या वेळात कोणी गात असेल तर त्याचे एक गाणे व्हावे. रांगेत व्यत्यय आणावा असा हा एकच प्रसंग मला मान्य आहे, कारण सकाळपासून धड न जेवलेली मुलगी तीन तास भरजरी शालूत आणि दिव्यांच्या झोतात उभी असते. पूर्ण जेवण पावणेदहाला, दोन्ही घरच्या मंडळींसह एका टेबलावर. त्या दहा-बारा पानांचे पदार्थ आचाऱ्याला आधीच बाजूला काढून ठेवायला सांगावेत.

पाचवी पायरी: पत्रिकेवरील शब्द

'सायंकाळी ७ पासून आपल्या आगमनापर्यंत' असे छापण्यामागचा जिव्हाळा खरा आहे, परंतु त्यातून कोणालाच वेळ कळत नाही. 'स्वागत समारंभ सायंकाळी ७ ते ९.३०, स्नेहभोजन ७.३० पासून' असे लिहिल्याने नोकरीवरून थेट येणारे आणि लोकलने दूर परतणारे दोघेही आपापला बेत आखू शकतात. कामाच्या दिवशी गर्दी आठनंतर होते, रविवारी ती साडेसातलाच सुरू होते. त्यानुसार वाढप्यांची आणि वाहने लावून देणाऱ्यांची हजेरी मागेपुढे करावी. आणि सात छापले असेल, तर नवरा-नवरी सातला व्यासपीठावर असलीच पाहिजेत. वेळेवर येणाऱ्या पाहुण्याला रिकाम्या सोफ्याकडे पाहत बसवणे हा त्याच्या वक्तशीरपणाचा अनादर आहे.

सहावी पायरी: घड्याळ कोणाकडे

वेळापत्रक पाळून घेणारी एकच व्यक्ती असावी, आणि ती नवरा-नवरीचे आई-वडील यांपैकी नसावी. त्यांनी दाराशी उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करावे. थोरला चुलत भाऊ, धाकटा मामा किंवा घरोब्याचा मित्र, ज्याचे दोन्ही घरे ऐकतील असा कोणी, महिनाभर आधी ठरवावा. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्या समारंभात ध्वनिक्षेपक हाती घेऊन प्रवेश, शुभेच्छा, नाच आणि जेवण यांची सूत्रे सांभाळणारा एक सूत्रधार असतो आणि त्यामुळे संध्याकाळ कोठेही विस्कळीत होत नाही. आपल्याकडेही हे अनुकरणीय आहे. या व्यक्तीकडे छायाचित्रकार, केटरर, सजावटकार, ध्वनिव्यवस्था आणि कार्यालयाचा व्यवस्थापक या सर्वांचे फोन क्रमांक असावेत आणि जनित्र कोण सुरू करणार हेही तिला माहीत असावे.

वरचा सारा हिशेब मांडल्यावर आपल्या उदाहरणातील संध्याकाळ अशी दिसते.

३.०० नवरीची तयारी सुरू
४.३० सभागृह ताब्यात, सजावट सुरू
५.०० दोघांची छायाचित्रे, उजेड असेपर्यंत
६.१५ कुटुंबाची छायाचित्रे
६.४५ वाढपी आणि स्वागताला उभी राहणारी मंडळी जागेवर
७.०० प्रवेश, छोटा कार्यक्रम
७.२० भेटी सुरू
७.३० जेवण सुरू
८.३० विश्रांती आणि खाली बसलेल्या ज्येष्ठांच्या भेटी
८.४५ भेटी पुढे सुरू
९.३५ भेटी संपतात, मित्रमंडळींचा कार्यक्रम
९.४५ दोन्ही कुटुंबांचे जेवण
१०.१५ आवराआवर
११.०० कार्यालय सोडणे

विश्रांतीचा पाव तास वजा जाता यात भेटींसाठी दोन तास उरतात, आणि ४५ सेकंदांच्या हिशेबाने लागणाऱ्या वेळेपेक्षा ते चार मिनिटांनी कमीच आहेत. ही तूट दोन-तीन गट एकत्र वर आले की भरून निघते. परंतु पाहुणे ५०० हून अधिक होत असतील, तर समारंभाची सुरुवात साडेसहाला करावी, शेवट लांबवू नये. ज्येष्ठांच्या भेटी वेळेआधी झाल्या, तर ती मिनिटे रांगेच्या पदरात पडतात. मे महिन्यात लॉनवर समारंभ असेल, तर वळवाच्या पावसासाठी छताखालची पर्यायी जागा कोणती आणि तेथे जाण्याचा निर्णय किती वाजता घ्यायचा, हेही याच कागदावर लिहावे. संध्याकाळी पाचनंतर व्यासपीठ हलवता येत नाही.

या कागदाच्या प्रती समारंभाच्या आठवडाभर आधी सर्व संबंधितांना द्याव्यात आणि आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून त्याची स्वतःची वेळ त्याच्याकडून वदवून घ्यावी. आवराआवरीच्या पाऊण तासाची वाटणी नावानिशी करावी: दागिने आणि आहेराची पिशवी एका विश्वासू व्यक्तीकडे असावी आणि तिने ती हातातून खाली ठेवू नये, खोल्यांमधील कपडे आणि बॅगा दुसरीने तपासाव्यात, तर तिसरीने उरलेल्या अन्नाची व्यवस्था पाहावी. अन्न एखाद्या संस्थेला द्यायचे असेल, तर त्यांच्याशी आधी बोलणे झालेले असावे आणि ते गरम असतानाच डब्यांत भरावे. अनामत रक्कम परत घेताना भांडी, खुर्च्या आणि खोल्यांच्या किल्ल्या व्यवस्थापकांसमोर मोजून द्याव्यात आणि जादा वेळेचा आकार लागला असल्यास तो त्याच वेळी पावतीवर लिहून घ्यावा.